सैतान पडेगावचा

आमच्या गल्लीत वर्गणी काढून व्हीसीआर आणायची पद्धत होती. एका रविवारी दुपारी कुठल्याशा हवेलीतल्या सैतानाचा पिक्चर लागला. सैतान भिंत फोडून बाहेर आला तेव्हा सगळ्या बाया तोंडाला पदर लावून किंचाळल्या आणि मी तेवढी टीव्हीच्या जवळ सरकले. त्याच्या मानेपाशी मुखवट्याची कड उचकटलेली मला साफ दिसली होती.

"माय, ह्यो तर लगदा हाय," मी म्हणाले.

"लगदा नाय, रबर असंल," माय म्हणाली. "पर आपल्या लगद्यात व्हईल."

झालं. त्या एका वाक्यानं माझी झोप उडवली.

माय कागदाच्या लगद्याच्या टोपल्या करायची. रद्दी भिजवायची, पाट्यावर वाटायची, तीत मेथ्यांचं पीठ कालवायची आणि उपड्या पातेल्यावर थापायची. मेथ्यांनी लगदा चिवट होतो, शिवाय त्याला कीड लागत नाही. मी तेव्हा वाळूजला, गाड्यांचे दिवे बनवणाऱ्या एका लहानशा कारखान्यात पॅकिंगला होते. तिथं रिजेक्ट मालाच्या ढिगात लाल काचा पडलेल्या असायच्या. आता त्या ढिगाकडं बघितलं की मला नुसते डोळेच दिसायचे. शेजारी मेंढरंवाल्यांचं घर होतं, त्यांच्याकडून काळी लोकर मागून आणली. केसांची सोय झाली.

पहिल्यांदा केला तो हात, मनगटापासून तुटलेला. तो पिठाच्या डब्यात ठेवून आत्याला पीठ काढायला पाठवलं. आत्यानं दोन दिवस मला शिव्या घातल्या. इतका आनंद मला त्याआधी कशानं झाल्याचं आठवत नाही.

तोच हात पिशवीत घालून मी शहरातल्या एका व्हिडिओ पार्लरवाल्याकडं गेले. शेठनं तो दोनदा उलटासुलटा करून पाहिला आणि लगेच विकत घेतला. म्हणाले, "आता सैतानाचं मुंडकं कर. दारात ठेवतो. पण हुबेहूब पाहिजे बरं का, पिक्चरमधल्यासारखं."

हुबेहूब करायचं तर नीट बघायला हवं. म्हणून शेठनं सकाळी पार्लर उघडायच्या आधी कॅसेट लावली आणि सैतानाच्या चेहऱ्यावर चित्र थांबवलं. मी पुठ्ठ्यावर सगळं उतरवून घेतलं. नाक, दात, कपाळावरच्या गाठी, आणि कानापासून नाकापर्यंत गेलेला पांढरा, वाकडातिकडा व्रण. घरी त्या व्रणावर मी अख्खा एक दिवस घालवला. आधी खाच पाडली, मग कडा उचलल्या, शेवटी आत चुना भरला.

मुंडकं बघून शेठ खूश झाले. मग म्हणाले, "हा व्रण कुठनं आणला, ताई?"

"पिक्चरमधलाच आहे की."

त्यांनी कॅसेट पुन्हा लावली. चालू पिक्चरमध्ये सैतानाचा गाल नुकती दाढी केल्यासारखा साफ. शेठनं चित्र थांबवलं तेव्हा नेमका त्याच गालावरून पांढरा, वाकडातिकडा पट्टा आला. मशीन थांबवलं की अशा रेघा येतात, हे ज्यांच्या घरी मशीन आहे त्यांना ठाऊक. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

पण लोकांना तो व्रणच आवडला. तो पिक्चरमध्ये कुठं दिसतो म्हणून माणसं दुसऱ्यांदा येऊन बसायला लागली. सुट्टीच्या दिवशी मी समोरच्या फुटपाथवर उभी राहायची आणि दारातली गर्दी डोळे भरून बघायची. कुणी दचकून मागं सरकलं की माझ्या अंगावर मूठभर मांस चढायचं. एकदा गर्दीतल्या कुणीतरी विचारलं, कुणी केलं हे? शेठ बेधडक म्हणाले, "मुंबईहून मागवलंय."

मी आत जाऊन म्हणाले, खाली माझं नाव लिहा. शेठनं आवाज बारीक केला. "दिवस बघतेस ना, ताई? नामांतराचा वाद पेटलाय. तुझं आडनाव दिसलं तर उद्या माझ्या काचा फुटतील. मुंबईचं म्हटलं की कुणी काही विचारत नाही. आणि हे बघ, मला आणखी तीन मुंडकी पाहिजेत."

खरं सांगायचं तर तीन मुंडकी ऐकून मी बाकीचं विसरले. हुरळली मेंढी, लागली लांडग्याच्या मागे. उड्या मारतच घरी आले आणि मायला सगळं सांगितलं, मुंबईचंसुद्धा.

माय नामांतराच्या मोर्च्यात गेली होती. आठ दिवस जेलात बसून आली होती. तिनं हात पुसले आणि लगद्याच्या पातेल्यावर झाकण ठेवलं.

"विद्यापीठाच्या पाटीवरल्या नावापायी आमी जेलात बसलो," ती म्हणाली. "आन् तू सवताचं नाव पुसून आलीस व्हय?"

मला तिचा भयंकर राग आला. हातातोंडाशी आलेलं काम घालवायला हिला काय जातंय, असंही मनात आलं. पण झाकण तिनं काढलं नाही, आणि मला ते काढायचा धीर झाला नाही.

दुसऱ्या दिवशी शेठला सांगितलं, "नाव लिहा. आडनावासकट. तरच तीन करीन." शेठ वाईट माणूस नव्हते, भित्रे होते. त्यांनी दारातलं मुंडकं उतरवून माझ्या हातात दिलं. "घेऊन जा, ताई. मला इथं धंदा करायचाय." दिलेले पैसे मात्र परत मागितले नाहीत.

ते मुंडकं कुठल्याच पिशवीत मावेना. पडेगाववरून जाणाऱ्या खुलताबादच्या गाडीत मी ते तसंच मांडीवर घेऊन बसले. कंडक्टर म्हणाला, "ह्याचं अर्धं काढू का फुल?" गाडी हसली. मला रडू फुटायच्या बेतात होतं, पण हसूही आलं.

पुढच्या बाकावरचे एक दाढीवाले चाचा मान वळवून बघत होते. उरुसात भूतबंगला लावतो म्हणाले. त्यांनी व्रणावरून बोट फिरवलं.

"बंबई का माल दिखता."

"पडेगावचाय," मी म्हणाले. "मी केलाय. मी आन् माझ्या मायनं."

चाचांनी खिशातून वही आणि पेन्सिल काढली. "नाम?"

मी नाव सांगितलं. ते पेन्सिल धरून थांबले. "पूरा बोलो, बेटा. ढूंढने आना है."

कारखान्यात कुणी पूर्ण नाव विचारलं की मी आडनाव तोंडातल्या तोंडात म्हणायची. इथंही तसंच म्हणाले. तरी शेजारच्या बाईला ते ऐकू गेलं असावं, कारण तिनं आपली पिशवी जरा पलीकडं ओढली. चाचांना इंजिनच्या आवाजात काही कळलं नाही. त्यांनी कानाला हात लावला.

मग मी माझं नाव, बापाचं नाव आणि आडनाव एकेक करून, ड्रायव्हरपर्यंत ऐकू जाईल असं सांगितलं, आणि चाचा ते लिहीत गेले.