गच्चीवरचा दुधी

आई गेल्यावर महिन्याभरातच दादाने विषय काढला. बाबांनी डोंबिवलीचं घर बंद करून माझ्याकडे नौपाड्यात यावं, नाहीतर त्याच्याकडे पुण्याला. बाबा म्हणाले, "माझं मी करीन." हे वाक्य आम्ही भावंडं जन्मभर ऐकत आलेलो. मोहने गावच्या कारखान्यात फिटर म्हणून राबलेला माणूस; घरच्या नळाला कधी दुसऱ्याचा हात लागू दिला नाही. पण स्वयंपाकघरात त्यांची मजल चहापर्यंतच. दादाने सरळ सांगितलं, वर्षभर बघू, झेपलं नाही तर घर बंद. बाबांनी मान डोलावली आणि मला म्हणाले, "रविवारी ये, कुकर लावायला शिकव."

मी दर रविवारी जायचे. वरणाला किती शिट्ट्या, मोहरी तडतडल्यावर हिंग किती, पोह्यांवर पाणी किती वेळ. सगळं ते वहीत लिहून घ्यायचे. "अंदाजाने" हा शब्द त्यांना चालायचा नाही. चिमूट म्हणजे किती, यावरून आमचं एकदा चक्क भांडण झालं. पण शिकले. पोळ्या सोडून सगळं यायला लागलं.

मग भाजीचं खूळ शिरलं. बाजारातली भाजी कुठल्या पाण्यावर वाढवतात देव जाणे, म्हणायचे. सोसायटीचा पंप फुकटात दुरुस्त करून दिला आणि त्या बदल्यात गच्चीचा कोपरा मिळवला. निळी पिंपं अर्धी कापून, बुडाला ड्रिलने भोकं पाडून त्यांत मेथी, माठ, वांगी, मिरच्या. टाकीच्या लोखंडी शिडीवर दुधीचा वेल चढवला. सात-आठ महिन्यांत कांदे-बटाटे सोडले तर बाजारातून काही येईनासं झालं. रोज अकराच्या सुमारास मला ऑफिसात फोन. "ओळख, आज बाजारातून काय आणलं? काही नाही!" मी म्हणायचे, "काय हो भाजीवाले, आमच्यासाठी काय ठेवलंय?" खरं सांगायचं तर मला त्या फोनांचा कंटाळाही यायचा. ऐन कामाच्या वेळी कोणाच्या वांग्याला फूल आलंय ते ऐकायचं!

एप्रिलमध्ये पाणी एक दिवसाआड झालं. बाबा आंघोळीचं पाणी बादलीत साठवून चार जिने वर न्यायचे. मेथी करपली, मिरच्या गळल्या, वेलाची पानं वाळली. दोन दुधी मात्र लटकून राहिले. तहानलेल्या वेलाचा दुधी कडू होऊ शकतो आणि तो कडूपणा म्हणजे विष असतं, हे आम्हाला कोणालाच ठाऊक नव्हतं.

म्हणजे आईला बहुतेक ठाऊक असावं. आमच्याकडे दुधी चिरण्याआधी देठाकडची चकती कापून जिभेला लावायची पद्धत. आई करायची म्हणून मीही करते. कडू लागला तर अख्खा दुधी कचऱ्यात. का, हे मी तिला कधी विचारलं नाही. भाजी खराब होते म्हणून, एवढंच धरून चाललेले. बाबांना हिंगाची चिमूट मोजून दाखवली, आणि हे सांगायचं राहून गेलं. ही काही शिकवायची गोष्ट आहे असं डोक्यातच आलं नाही.

त्या दिवशी अकरालाच फोन आला. समोर साहेब उभे, मला एक कागद तातडीने पाठवायचा होता. बाबा म्हणाले, "अगं, दुधीचा रस काढला. हृदयाला चांगला म्हणतात. पण जहर कडू लागतोय. दोन घोट घेतले, बाकीचा टाकू का?"

मी म्हणाले, "बाबा, घरचा आहे, फवारणी नाही, काही नाही. पाडव्याला कडुलिंब खाताच ना? कडू म्हणजे गुणाचं. डोळे मिटून पिऊन टाका, नाटकं नकोत."

ते हसले. "बरं बाई." त्यांनी घटाघट पिऊन ग्लास ओट्यावर ठेवल्याचा आवाज मला फोनवर ऐकू आला.

तासाभरात शेजारच्या काकूंचा फोन. उलट्या, उलटीत रक्त. मी रिक्षा, लोकल, पुन्हा रिक्षा करत पोचले तोवर त्यांना दवाखान्यात नेलेलं, आणि नर्सला त्यांची नाडी सापडत नव्हती. दोन दिवस आयसीयूत काढले. दादा पुण्याहून आला. तिसऱ्या दिवशी बाबा बोलायला लागले, तेव्हा डॉक्टर जरा वैतागूनच म्हणाले, "आजोबा, कडू लागल्यावर थांबायचं ना! दोन घोटांवर थांबला असतात तर इतकं झालं नसतं. ग्लासभर कशाला प्यायलात?"

मी खाटेच्या पायथ्याशी उभी होते. बाबांनी माझ्याकडे बघितलं. मग डॉक्टरांना म्हणाले, "कडू लागलाच नाही हो. हल्ली मला चवच कळत नाही."

बाहेर आल्यावर दादा म्हणाला, "ऐकलंस? चव कळत नाही, आणि म्हणे माझं मी करीन. आता पुरे." बोलायची वेळ ती होती. बाबांची जीभ शाबूत आहे, चूक माझी आहे, एवढंच सांगायचं होतं. मी म्हणाले, "हो, पुरेच." मला दादाची भीती वाटली, आणि त्याहून जास्त स्वतःच्या तोंडून ते ऐकण्याची. मी भेकड आहे, हे मला त्या दिवशी कळलं.

घराला कुलूप लागलं. पिंपं दादाने भंगारवाल्याला दिली. बाबा आता माझ्याकडे असतात. पुढ्यात येईल ते खातात, कशालाही नको म्हणत नाहीत. ताट स्वतः घासायला गेले तर मीच हातातून काढून घेते, आणि ते देतात.

मागच्या आठवड्यात घरात आम्ही दोघंच होतो. मी म्हणाले, "बाबा, मी दादाला फोन करून खरं काय ते सांगते."

ते पेपर वाचत होते. मान वर न करता म्हणाले, "नको. मग तुझ्याकडे ठेवायचा नाही तो मला. पुण्याला नेईल. इथेच ठेवा मला."

ठेवा, म्हणाले. मी फोन केला नाही.