वाटीभर चीक

पिंपळगावच्या पॅकहाउसमध्ये मीना कात्रीने द्राक्षांचे घड साफ करत उभी होती, आणि मोबाईल वाजला. कामावर फोन घ्यायला सक्त मनाई. पण स्क्रीनवर तेजूचं नाव होतं, आणि पोटच्या पोरीने गेल्या आठ महिन्यांत स्वतःहून एकदाही फोन केला नव्हता. मीनाने कात्री तिथेच टाकली आणि तडक दाराशी गेली. मागून सुपरवायझर ओरडत होता. ओरड बाबा, किती ओरडायचं ते ओरड!

"आजी मोरीत घसरली. उजवा हात मोडलाय, प्लास्टर घातलंय," तेजू एका दमात बोलली. "कुरडयांचा चीक काढून ठेवलाय. उद्या सकाळी शिजवला नाही तर आंबेल, सगळं वाया जाईल. शेजारच्या सगळ्या लग्नाला गेल्यात. तुला येतात ना कुरडया?"

"येतात की गं! पहिल्या गाडीने निघते."

फोन कट. 'आई' म्हणणं नाही, 'ये' म्हणणं नाही, काही नाही. तरीसुद्धा मीनाला तिथल्या तिथे रडू फुटलं. ती ओढणीने डोळे पुसत परत टेबलापाशी आली आणि सुपरवायझरची बोलणी गुमान ऐकून घेतली.

मीनाची गोष्ट झाकून ठेवण्यात काही अर्थ नाही, सासरच्या सगळ्या हिरावाडीला ती पाठ आहे. नवरा सोमनाथ द्राक्षांचा टेम्पो चालवायचा, तो महामार्गावर अपघातात गेला. तेजू तेव्हा नऊ वर्षांची. मीनाला झोप येईना, म्हणून कोणीतरी गोळी दिली. एकीच्या दोन झाल्या, दोनाच्या चार. मग गोळ्यांनी भागेना, तेव्हा पावडर आली. आणि पावडरीला पैसे पुरेनात, तेव्हा दुसऱ्यांच्या पुड्या इकडून तिकडे पोचवणं आलं. शेवटी पोलिसांनी धरलं आणि तीन वर्षं नाशिकरोडच्या जेलात गेली. त्याआधी घरातलं काय काय विकलं ते विचारू नका. सासूचा, म्हणजे चंद्रभागाबाईंचा, माहेरून आलेला पितळी सोऱ्यासुद्धा भंगारात गेला. मोठ्या तोंडाची बाई, पण तिने तेही गिळलं.

एक गोष्ट मात्र त्या घरात कोणी गिळली नाही. तेजू शाळेच्या गॅदरिंगमध्ये मोर होणार होती. आजीने पिसारा शिवला होता. आदल्या संध्याकाळी आजी घरी नसताना मीनाने पोरीला दूध दिलं, त्यात झोपेची गोळी घातली आणि दाराला कडी लावून बाहेर गेली. तेजू दुसऱ्या दिवशी दुपारी दवाखान्यात जागी झाली. पिसारा खुंटीला तसाच. "पोरीला ताप होता म्हणून औषध दिलं," मीनाने सांगितलं. कोणाचाच विश्वास बसला नाही, तेजूचाही नाही. त्या दिवसापासून ती पोर दूध पीत नाही. चहासुद्धा स्वतः करते, तोही काळा.

जेलात गळाभेटीचा कार्यक्रम असायचा. मुलांना आत सोडायचे, बायकांना आपलं लेकरू जवळ घेता यायचं. मीना दर वेळी धुतलेली साडी नेसून, केस चापून बसायची. दुसऱ्यांची लेकरं यायची, रडायची, खाऊ खायची. तेजू एकदाही आली नाही. आणि तिने का म्हणून यावं, हे मीनाला स्वतःलाच समजत होतं, म्हणून तर जास्त लागायचं.

सुटल्यावर व्यसनमुक्ती केंद्रात सहा महिने काढले, मग पॅकहाउसचं काम मिळालं. तेव्हापासून ती दर रविवारी हिरावाडीत, सासूच्या घरी तेजूला भेटायला जायची. पुढच्या खोलीत खुर्चीवर बसायचं, स्वयंपाकघरात पाऊल टाकायचं नाही, हा सासूचा नियम. मीना काहीतरी खाऊ न्यायची, पुडी फोडायची, आधी स्वतः एक घास खायची. "हे बघ, मी पण खाते." तेजू मोबाईलमधून मान वर न करता म्हणायची, "ठेव तिथे." पुढच्या रविवारी पुडी तिथेच असायची, मुंग्या लागलेली. मीना ती उचलून कचऱ्यात टाकायची आणि नवी ठेवायची.

तर अशी ही बाई रविवारी साडेसहालाच दारात हजर.

चंद्रभागाबाई खाटेवर बसल्या होत्या, हात गळ्यात बांधलेला. "आलीस? बघ, माझ्या हाताला काय धाड भरली! पोरीची दहावी झाली, म्हणली, आजी, अवंदा कुरडया कर. इतक्या वर्षांत केल्या नव्हत्या, आणि आता नवा सोऱ्या आणून करायला घेतल्या तर हे."

"राहू द्या आत्याबाई, मी करते."

"कर. पण तेजे, तू तिथंच उभी राहा हां. हलायचं नाय."

पहारा होता तो, दुसरं काय! मीनाला लागलं. पदर खोचून तिने चार वर्षांनी त्या स्वयंपाकघराचा उंबरा ओलांडला. तेजू हाताची घडी घालून दाराला टेकून उभी राहिली. आईपेक्षा चार बोटं उंच झाली होती पोर.

पातेल्यातलं वरचं पाणी मीनाने अलगद ओतून टाकलं. खाली तीन दिवस भिजलेल्या गव्हाचा चीक बसला होता, पांढराशुभ्र. मोठ्या पातेल्यात पाण्याला उकळी आली, मीठ पडलं, हिंग पडला. आता एका हाताने चीक ओतायचा आणि दुसऱ्या हाताने लाकडी दांड्याने हाटत राहायचं. हात एकदा थांबला की गाठी झाल्याच, मग सोऱ्यातून काही उतरत नाही.

"गाठी होऊ देऊ नको गं!" बाहेरून हाक आली.

"नाही होत, आत्याबाई!"

पण होणार होत्या. झोपेच्या गोळ्या सुटल्या, पण उजव्या मनगटात थरथर ठेवून गेल्या. चीक दाटायला लागला तसा दांडा जड झाला आणि हात लटपटायला लागला. मीनाने डावा हात लावला, ओठ आवळले, उपयोग होईना.

"तेजू, धर गं. माझ्या एकटीच्याने होत नाही."

तेजू हलली नाही. मग पातेल्याकडे बघून पुढे आली आणि आईच्या हातांवर हात ठेवून दांडा धरला.

"किती कापतो हात तुझा."

"हो. डॉक्टर म्हणाले, आता असाच राहील."

दोघी हाटत राहिल्या. पोरीचे गरम हात, पोरीचा श्वास मानेपाशी. इतक्या वर्षांत तिने पहिल्यांदा शिवलं होतं आईला. मीनाला वाटलं, हा चीक दिवसभर शिजू नये. आणि त्याच वेळी आतून कोणीतरी ढुसणी दिल्यासारखं झालं, की आत्ता बोलली नाहीस तर कधीच बोलणार नाहीस.

"तेजू, तुला ताप नव्हता," ती पातेल्याकडे बघत म्हणाली. "त्या दिवशी. मला पावडर आणायला जायचं होतं. तू रडशील, मागे येशील, म्हणून दुधात गोळी घातली. औषध म्हणून नाही. मी खोटं बोलले. कोर्टात नेलं तेव्हाही मनात तेच खोटं धरून बसले होते."

तेजूचे हात थांबले. दांडाही थांबला. मीनाने डोळे मिटून घेतले. आता ही हात काढणार, निघून जाणार, आणि तिला जायचा हक्कच आहे.

"हाट ना," तेजूचा आवाज फाटला होता. "गाठी होतील."

आणि तिने दांडा ओढला. पोरीच्या नाकातून पाणी गळत होतं, ते तिने खांद्याला पुसलं, पण हात सोडले नाहीत.

"मला माहीत होतं," ती हाटता हाटता म्हणाली. "पण तू दर रविवारी येऊन शेव-चिवडा खाऊन दाखवायचीस आणि हे सांगायची नाहीस. त्याचाच राग यायचा मला."

"चुकलं गं माझं. लय चुकलं." त्याहून खरं मीनाजवळ होतं तरी काय?

चीक चकचकीत झाला, दांड्यावरून सरसर उतरायला लागला. गाठ म्हणून एक नाही. मीनाने गॅस बारीक केला. सोऱ्या भरायच्या आधी गरम चीक वाटीत काढून घरच्या लेकराला द्यायचा, हे तर ठरलेलंच. तेजू लहान असताना चुलीपाशी वाटी घेऊन बसायची, भरपूर दूध-साखर घालून मागायची. मीनाने वाटी भरली, वर तूप सोडलं, साखर भुरभुरली. दुधाच्या पातेल्याकडे तिने बघितलंसुद्धा नाही. सवयीने चमचा उचलला, आधी आपण खाऊन दाखवायला.

तेजूने तो चमचा तिच्या हातातून काढून घेतला.

"चाखू नको," ती म्हणाली. "आणि दूध घाल."

 मीनाने दुधाचं पातेलं उचललं. हात असा कापत होता, की निम्मं दूध ओट्यावर सांडलं. तेजूने ओट्यावरचं फडक्याने पुसलं, वाटी ओढून घेतली आणि तिथेच उभ्याने, जीभ भाजत, सगळा चीक खाल्ला.

"काय गं, झालं का नाय? ऊन वर आलं!" बाहेरून चंद्रभागाबाई ओरडल्या.

"थांब आजी," तेजू रिकामी वाटी मीनापुढे धरत म्हणाली. "आई अजून वाढतेय."