दातापुढचे अकरा दगड

जंगलातल्या सायकल केंद्रात चार ट्रेल होत्या आणि अवघडपणाप्रमाणे त्यांना रंग दिलेले होते. हिरवी लहान मुलांसाठी, निळी त्यांच्या आईबापांसाठी, लाल स्वतःला अजून तरुण समजणाऱ्यांसाठी, आणि काळी. काळीच्या तोंडाशी पाटी होती: फक्त निष्णात सायकलस्वारांसाठी. ती वाचून आजवर एकही माणूस मागे फिरलेला नव्हता. प्रथमोपचाराच्या खोलीतला निम्मा कापूस त्या पाटीमुळेच खपत असे.

काळी बांधली मिस्त्रीने. मिस्त्री हे त्याचं टोपणनाव आणि धंदाही. केंद्रात तो आला होता स्वच्छतागृहाच्या भिंती बांधायला. त्या उभ्या राहिल्यावर केंद्राच्या साहेबांनी विचारलं, जंगलात एक वाट पावसाने सारखी वाहून जाते, बघता का. मिस्त्रीने बघितली आणि म्हणाला, वाट बांधायची नसते, पाणी बाहेर काढायचं असतं. उरलेल्या जागेतून सायकल जाते. साहेबांना हे वाक्य इतकं आवडलं की पुढे कित्येक सभांमध्ये त्यांनी ते स्वतःचं म्हणून वापरलं. मिस्त्री मात्र तिथेच राहिला.

आपण काय बांधतोय ते कळावं म्हणून चाळिशी उलटल्यावर तो डोंगरातली सायकल शिकला. कुठे पडला, किती पडला, हे त्याच्या बायकोला पाठ आहे. मग त्याने स्वतःच एक नियम केला. वर्षातले चार ओले महिने ट्रेल बंद असत. त्या उघडण्याआधी काळी बांधणाऱ्याने वरपासून खालपर्यंत पाय न टेकता चालवून दाखवायची. पाय टेकला तर अर्थ दोनच, असं तो सांगे: एक तर दगड बिघडला, नाहीतर माणूस. दगड बिघडला असेल तर दुरुस्त करायचा, माणूस बिघडला असेल तर बदलायचा. हे बोलला तेव्हा तो बेचाळीस वर्षांचा होता. त्या वयात असली वाक्यं सहज सुचतात. साहेबांनी लगेच त्याचा छापील फॉर्म केला: ‘बांधणाऱ्याने पाय न टेकता चालवली. हो / नाही. सही.’ सतरा वर्षांचे सतरा फॉर्म फाइलला लागले होते आणि प्रत्येकावर ‘हो’ला गोल होता.

काळीवर सगळ्यात वाईट जागा म्हणजे दात. तीव्र उतारावर दगडाच्या तीन पायऱ्या, आणि मधल्या पायरीतून वर आलेला गुडघाभर उंचीचा सुळका. तिथे अंग मागे टाकायचं, पुढचं चाक उचलायचं आणि झोपलेलं मूल खाली ठेवावं तसं दगडाच्या पलीकडे ठेवायचं. ऐन वेळी ब्रेक दाबला की माणूस हँडलवरून पुढे आणि सायकल त्याच्या मागोमाग. कापसाचा उरलेला निम्मा खप या दाताचा.

मिस्त्रीच्या हाताखाली त्याची मेहुणी होती. ती आधी छापखान्याच्या बांधणी खात्यात होती. छापखाना बंद पडला तेव्हा मिस्त्रीने तिला विचारलं होतं, फावडं धरता येईल का. ती म्हणाली, “भावोजी, ताई वीस वर्षं तुम्हाला धरून आहे. मला फावडं काय जड जाणार?” त्याने तिला दगड बसवायला शिकवलं: रुंद तोंड आत, अरुंद बाहेर, आणि फटीत दगडाच्या चिपा इतक्या घट्ट ठोकायच्या की पाण्याने दुसरा रस्ता शोधावा. मग सायकलही शिकवली. दोन महिने तो रोज दाताशी हात पुढे करून उभा राहिला आणि ती रोज त्याच्या अंगावर पडली. एकदा त्याच्या बरगडीला तडा गेला. घरी त्याने तो खोकल्यावर ढकलला.

तीन वर्षांपूर्वी मिस्त्रीच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं. डॉक्टर म्हणाले, जपून. ज्या माणसाने उभं आयुष्य सिमेंटच्या गोणी उचलल्या त्याला या शब्दाचा नेमका अर्थ लागला नाही. तरी त्यानंतरच्या तिन्ही वर्षी त्याने काळी पाय न टेकता उतरवली, आणि गेल्या वर्षी तर त्याला वाटलं की दात आपल्याला आता पूर्वीपेक्षा सोपा जातो. अनुभव म्हणतात तो हाच, असं त्याने बायकोला ऐकवलं. ती भाजी निवडत होती, निवडत राहिली.

यंदा परीक्षा गुरुवारी होती. गुडघा हल्ली जिना चढताना वाजत होता, म्हणून बुधवारी सकाळी, मेहुणी निळीवरचे चर साफ करत असताना, मिस्त्री गुपचूप सायकल घेऊन काळीवर गेला. दाताशी पडला. जमीन ओली आहे, असं म्हणून पुन्हा वर गेला आणि पुन्हा पडला. ब्रेक ढिला आहे, असं म्हणून तिसऱ्यांदा पडला. तेव्हा सबबींचा साठा संपला आणि तो तिथेच बसून राहिला.

घरी कोपर सोललेलं बघून बायकोने विचारलं. तो म्हणाला, दार लागलं. तिने कोपराकडे पाहिलं, त्यातली माती पाहिली, मलम लावलं आणि फोन घेऊन बाल्कनीत गेली. मिस्त्री जेवणावरून अर्ध्यात उठला. नियम त्याचाच होता. माणूस बिघडला होता. साहेबांना आजच सांगून टाकावं, असं त्याला दोनदा वाटलं. मग त्याने ठरवलं की उद्या सगळ्यांसमोर दातच काय ते सांगेल.

गुरुवारी खालच्या लाकडी पुलाशी नेहमीची मंडळी जमली: साहेब, प्रथमोपचारवाला, आणि दरवर्षीप्रमाणे थर्मास घेऊन बायको. मेहुणी शेवटच्या वळणावर उभी होती. मिस्त्री वरून निघाला. मुळं गेली, वळणाचे बांध गेले, पहिली पायरी गेली. दात समोर आला तसं त्याने पडायच्या तयारीने ओठ आवळले. चाक अलगद वर चढलं, अलगद खाली उतरलं, आणि सायकल पुलाकडे निघाली.

टाळ्या झाल्या. साहेबांनी फॉर्म पुढे केला, पेनाचं टोपणही काढून दिलं.

मिस्त्रीने पेन घेतलं नाही. वर काहीतरी राहिलंय, म्हणाला, आणि पायीच परत चढायला लागला. या वयात घाईने झाडीत जाण्याचं कारण सगळ्यांनी मनातल्या मनात समजून घेतलं आणि सभ्यपणे दुसरीकडे पाहिलं. मेहुणी तेवढी मागोमाग गेली.

दातापुढे छोटा चढ तयार केलेला होता. दगडांचा, चिपा ठोकलेला, जुना दिसावा म्हणून वर चिखल फासलेला. रुंद तोंडं आत, अरुंद बाहेर. काम अगदी मिस्त्रीच्या हातचं वाटत होतं, फक्त त्याच्यापेक्षा जरा सुबक. तेवढ्यावरूनच त्याने ओळखलं.

“कधीपासून?”

“ऑपरेशन झाल्यापासून,” मेहुणी म्हणाली. “परीक्षेच्या दिवशी पहाटे लावते, संध्याकाळी काढते. लोकांना दात पुरता मिळतो, भावोजी. फसवलंय फक्त तुम्हाला.”

हे तिने दिलासा म्हणून सांगितलं होतं.

“तुझ्या ताईला माहीत आहे?”

“तिनेच सांगितलं. म्हणाली, पडू देऊ नकोस आणि कळू देऊ नकोस. त्यातलं दुसरं काही मला जमलं नाही.”

मिस्त्री पायरीवर बसला. त्याला राग आला, आणि तो बराच मोठा होता. पण राग आला तरी मिस्त्रीपणा सुटत नाही. त्याने दगड मोजले. अकरा. असले दगड इथे जवळपास मिळत नाहीत हे त्याच्याइतकं कोणाला माहीत होतं? ते खालच्या ओढ्यातून आणावे लागतात. घमेल्यात एका वेळी दोन, म्हणजे सहा खेपा, अर्ध्या तासाचा चढ. मग संध्याकाळी तेवढंच सगळं उलटं, कोणाला दिसणार नाही असं. तीन वर्षं. आणि बायको, जिने ही ट्रेल एकदाही पायाखाली घातलेली नाही, तिला नवऱ्याचा गुडघा नेमका कुठल्या दगडाशी हरेल हे ठाऊक होतं. हिशोब पुरा होईपर्यंत रागाला बसायला जागाच उरली नाही. त्यांच्या घरात कोणी कोणाचे आभार मानत नसे. मानले असते तर आधी ताप बघितला असता.

“घमेलं कुठे दडवलंयस?” त्याने विचारलं.

तिने झुडपामागून काढलं. पहिला दगड त्यानेच उचलला. तिने नको म्हणून पाहिलं, त्याने ऐकलं नाही. अकराही दगड निघाले आणि दात पुन्हा पहिल्यासारखा उघडा पडला.

“आता तू,” तो म्हणाला. “वरपासून खालपर्यंत. सही तुझी.”

“परीक्षा बांधणाऱ्याची असते.”

“तीन वर्षं या ट्रेलचा कुठला दगड तुझ्याशिवाय हलला?”

ती शेवटच्या वळणाशी ठेवलेली आपली सायकल घेऊन आली. मग वर जाऊन निघाली. मिस्त्री जुन्या सवयीने दाताशी हात पुढे करून उभा राहिला. ती पहिल्या पायरीवरून खाली आली आणि दाताच्या तोंडाशी म्हणाली, “हात काढा भावोजी, अडचण होते.”

त्याने हात मागे घेतला. चाक उचललं गेलं, झोपलेल्या मुलासारखं पलीकडे ठेवलं गेलं, आणि ती दिसेनाशी झाली.

पुलाशी मिस्त्रीने साहेबांना सांगितलं की काल आपला पाय तीनदा टेकला, तेही लिहा. साहेबांनी फॉर्म उलटसुलट करून पाहिला. त्यासाठी रकाना नव्हता. मेहुणीने ‘हो’ला गोल केला आणि सही केली. बायकोने थर्मासमधून चहा ओतून मिस्त्रीच्या हातात दिला. त्याने एक घोट घेतला, तिच्याकडे पाहिलं आणि म्हणाला, “चहा चांगला झालाय.”

अठ्ठावीस वर्षांत हे त्याने पहिल्यांदाच म्हटलं होतं. तिने फक्त झाकण लावलं, पण ते लावायला तिला जरा वेळ लागला.

ट्रेल शनिवारी उघडणार होती, म्हणजे मध्ये एक शुक्रवार मोकळा होता. घरी निघताना मिस्त्री मेहुणीजवळ जाऊन खालच्या आवाजात म्हणाला, उद्या सकाळी कोणी नसताना मला एकदा उतरायचंय. खेपा मीही घालीन.

“दगड लावून?” तिने विचारलं. “अकराच्या अकरा?”

मिस्त्रीने गुडघा वाकवून पाहिला. तो वाजला.

“आठ लाव,” तो म्हणाला. “बघू.”