निळ्या देवमाशाची बिस्किटं

बिस्किटांवर मी निळं आयसिंग घालत होते. माझी नऊ वर्षांची सई आता तिच्या बाबांकडे राहते, माझ्याकडे महिन्यातून एका दुपारपुरती येते. तिच्या आवडत्या सिनेमातला देवमासा मला पाठ होता. त्याची वाकडी शेपटी, मिटलेला एक डोळा. सकाळभर मी तेवढंच काढत बसले होते.

सई आली. ताटलीकडे बघून म्हणाली, "आई, हा तर लहान मुलांचा सिनेमा. मी नाही बघत आता."

"मग काय बघतेस?"

तिनं एक नाव सांगितलं. मी ते कधी ऐकलंही नव्हतं.

मूल जवळ असलं की त्याच्या आवडी बदललेल्या आपल्याला कळतही नाहीत, त्यांच्याबरोबर आपणही बदलत जातो. लांब राहिलं की आपण आठवणीतल्या मुलीसाठी राबत राहतो, आणि ती मुलगी आता कुठंच नसते.

माझा चेहरा बघून सईनं एक बिस्कीट उचललं आणि सगळं संपवलं.

"छान झालीत. थँक्यू," ती म्हणाली.

दुसऱ्यांच्या घरी गेल्यावर असं म्हणायचं, हे मीच तिला शिकवलं होतं.