खाटेच्या पायाला टेकलेली धनुबाई

खेळाची शेवटची चार वर्षे धनुबाईला ऐकू येत नव्हते. आमच्या रनाळे गावात ही गोष्ट दोनच माणसांना ठाऊक होती, ती स्वतः आणि तिचा नवरा छगन. जिचे सगळे आयुष्य ऐकण्यात आणि ऐकलेले लोकांना सांगण्यात गेले, तिच्याबद्दल असा संशय कोणाला येणार? मी तिला पस्तीस वर्षे पाहत होतो. मलाही आला नाही.

छगन बाहुल्यांचा खेळ करी. तरुणपणी तो एका मारवाडी खेळवाल्याबरोबर दोन वर्षे हिंडला आणि परतताना अकरा लाकडी बाहुल्या आणि एक शिट्टी घेऊन आला. बांबूच्या दोन चिपाट्यांमध्ये चामड्याची पट्टी आवळून बांधलेली ती शिट्टी तो जिभेवर धरी. बाहुली बोलते ती त्या शिट्टीतून. पण ते बोलणे म्हणजे नुसते चिरकणे, आपल्याला त्यातला एक शब्द कळत नाही. म्हणून पुढे ढोलकी घेऊन एक माणूस बसतो. शिट्टी काय म्हणाली ते तो लोकांना सांगतो आणि वर आपली चार वाक्ये जोडतो. छगनच्या खेळात हा माणूस म्हणजे धनुबाई.

आमच्या शाळेत दर वर्षी संक्रांत झाली की त्यांचा खेळ होई. खाट एका अंगावर उभी करायची, तिच्यावर जुने लुगडे टाकायचे, की झाला राजवाडा. खाटेमागे पायात घुंगरू बांधलेला छगन, आणि पुढे, खाटेच्या पायाला पाठ टेकून धनुबाई. राजा धोबिणीकडे आपला सदरा मागायला येई. शिट्टी चिरकायची. धनुबाई ढोलकीवर थाप मारून मुलांना सांगायची, "राजा म्हनस, मन्हा सदरा कोठे शे?" मग धोबीण मान उडवून चिरकायची, आणि धनुबाई पदर तोंडाला लावून म्हणायची, "धोबन म्हनस, तुन्हा सदराना ते मी कव्हयच पोतारा करी टाका." राजाच्या सदऱ्याचे पोतेरे झाले म्हटल्यावर पहिलीची पोरे अंगणात लोळायची. हे वाक्य शिट्टीत खरोखर होते की तिने पदरचे घातले होते, देव जाणे. छगनला विचारले तर तो म्हणायचा, माले काय माहीत, मी ते मांगे ऱ्हास.

ती खाट खेळाचीच. तिच्यावर कोणी झोपायचे नाही, हा धनुबाईचा नियम. मुलगा जगदीश लहानपणी तापाने फणफणला होता, तेव्हाही तिने त्याला खाली गोधडीवर निजवले. ते बाहुल्यांचे घर आहे, तिथे माणसाने पाय पसरायचे नाहीत, असे ती म्हणे.

मग एका थंडीत तिच्या कानांत दडे बसले ते सुटलेच नाहीत. डॉक्टरांनी कानातले यंत्र दिले. त्यात तिला गिरणी चालू असल्यासारखा घरघराट येई, म्हणून तिने ते कुंकवाच्या डब्याशेजारी ठेवून दिले. लोकांना कळले तर ते पुढे दुसरे कोणी बसवतील आणि आपण चुलीपाशी राहू, ही तिची भीती. तिने छगनला जगदीशच्या गळ्याची शपथ घातली. चारचौघांत ती हसून वेळ मारून नेई, बोलायचे ते छगन बोले; खेळासाठी दोघांनी मिळून एक तोड काढली. छगन नाचता नाचता टाचेने खाटेचा पाय ठोकायचा. एक ठोका म्हणजे राजा बोलला, दोन म्हणजे धोबीण, तीन म्हणजे साप निघाला. ठोका तिच्या पाठीत उमटायचा आणि ती बोलायची. चार वर्षे असे खेळ झाले. एकाही खेळात ती चुकल्याचे मी पाहिले नाही.

हे मला आता माहीत आहे. तेव्हा माहीत नव्हते.

गेल्या फेब्रुवारीत नंदुरबारला तीन दिवसांचा बाहुली महोत्सव भरला. गुजरातेतून, कोकणातून, कर्नाटकातून मंडळी येणार होती. भरवणारा ललित माझा जुना विद्यार्थी. त्याने विचारले, सर, आपल्या भागातले कोणी आहे का? मी अभिमानाने ही दोन नावे दिली. पहिल्या दिवशी संध्याकाळी पाच वाजता त्यांचा खेळ ठरला आणि दुसऱ्या दिवशी सकाळच्या कार्यशाळेत धनुबाईने शिकवायचे ठरले. शिकवायचे हे ऐकून, म्हणजे छगनने खाणाखुणांनी सांगितल्यावर, ती म्हणे दिवसभर हसत होती. पेटीतले जांभळे लुगडे तिने तीन दिवस आधीच काढून ठेवले.

जाण्यापूर्वी छगन माझ्याकडे तीनदा आला. तिन्ही वेळा एकच म्हणणे, खाट न्यायची. मी त्याला समजावले. अरे, तिथे लोखंडी चौकट आहे, काळा मखमली पडदा आहे, ही सुतळीची खाट बसच्या टपावर कशाला चढवतोस? लोक हसतील. तिसऱ्या वेळी तो बराच वेळ पायाच्या अंगठ्याने जमीन उकरत उभा राहिला. मग म्हणाला, बरं. शिक्षकाला नाही म्हणायची त्याला सवय नव्हती.

मंचावर ललितच्या माणसांनी धनुबाईला उजवीकडे माइकसमोर बसवले, चौकटीपासून चांगली सहा फूट लांब. मी पहिल्या रांगेत होतो. तिने मागे हात नेऊन काहीतरी चाचपले. मागे काही नव्हते. मला वाटले, पदर सारखा करते आहे.

तिने अंदाजाने सुरुवात केली. पाठच होते सगळे, त्यामुळे थोडा वेळ निभावले. मग राजाची दोरी अडकली. छगन पडद्यामागे ती सोडवत होता, मंच रिकामा होता, आणि धनुबाईने ढोलकीवर थाप मारून धोबिणीचे उत्तर दिले. सदऱ्याचे पोतेरे झाले होते, पण सदरा मागणारा राजा अजून आलाच नव्हता. लोक खो खो हसले. छगनने पडद्याच्या फटीतून तिच्याकडे पाहिले. त्यानंतर त्याने काय केले ते मला नंतर उमगले. त्याने तिला थांबवले नाही. ती जे बोलेल त्यामागोमाग तो बाहुली आणू लागला. ती आधी उत्तर द्यायची, मग धोबीण घाईघाईने येऊन तेच चिरकायची. ती साप निघाला म्हणायची, आणि मग साप निघायचा. टाळ्यांवर टाळ्या पडल्या. मीही डोळे पुसत हसलो.

खेळ संपल्यावर तिचा चेहरा उजळला होता. "गुरुजी, आज लोके कितला हासनात," ती म्हणाली. छगन दोऱ्या गुंडाळत होता. त्याने मान हलवली. मग पाण्याच्या टाकीपाशी मला गाठून तो हळूच म्हणाला, "गुरुजी, तिले ऐकू येत नही. खाट ऱ्हाती ते..." मग त्याने टाचेच्या ठोक्यांचे सगळे सांगितले. चार वर्षांची शपथ त्याने तिथे मोडली.

दुसऱ्या दिवशी कार्यशाळेत वीसेक शिक्षिका होत्या. कागदाच्या लगद्याची मुंडकी करायला शिकवणारी मयूरी नाशिकची, फार गोड मुलगी. ती धनुबाईला म्हणाली, आजी, कालची तुमची उलटी पद्धत आम्हाला शिकवा ना, आधी उत्तर आणि मग प्रश्न. धनुबाई नुसतीच हसली. आजीला नीट समजले नाही असे वाटून मयूरीने मोबाइल काढला आणि कालचा खेळ तिच्यापुढे धरला. मी उठेपर्यंत उशीर झाला होता.

धनुबाईने तो दोनदा पाहिला. तिला त्यातले ऐकू येत नव्हते, पण दिसत होते. आपले ओठ हलतात, थाप पडते, लोक हसतात, आणि मग राजा येतो. तिने राजावर बोट ठेवले आणि ते तिथेच राहू दिले. मग मोबाइल परत देत, छगन चहा आणायला गेला होता त्या दाराकडे पाहत ती शांतपणे म्हणाली, "हाई मन्हं नही, बाई. हाई तेसनं शे."

छगन तेवढ्यात चहा घेऊन आत आला. त्याने मोबाइल पाहिला, तिला पाहिले, आणि पेले खाली ठेवले. तिने ढोलकी पुढे ओढली. दुपारपर्यंत तिने बायकांचे हात धरून ढोलकी शिकवली.

दहा दिवसांनी मी त्यांच्या घरी गेलो. बाहुल्यांचे खोके गोणपाटात बांधून खुंटीखाली ठेवले होते. निंबाखाली खेळाची खाट आडवी टाकली होती, तिच्यावर गोधडी, आणि गोधडीवर भिंतीकडे तोंड करून धनुबाई निजली होती. मी माफी मागायला गेलो होतो, पण जिला ऐकू येत नाही तिची माफी कशी मागायची?

छगनला ते कळले असावे. "तुम्ही बोला, मी सांगस तिले," तो म्हणाला.

मी म्हणालो, खाट नेऊ दिली नाही, ती चूक माझी होती.

छगन खाटेपाशी गेला. मग त्याने टाचेने खाटेचा पाय हळूच ठोकला. एक, दोन, तीन, चार. असा ठोका त्यांच्या खेळात नव्हता. धनुबाई उठून बसली, तिने माझ्याकडे पाहिले, पदर डोक्यावर घेतला. मग समोरच्या रिकाम्या अंगणाला सांगावे तशी म्हणाली, "गुरुजी म्हनतस, चहामा साखर टाकू नको."

मला साखर चालत नाही, हे तिला ठाऊक होते. मी मान हलवली, आणि ती चहा ठेवायला आत गेली.