धान्यकोठारावरची रेंज

मेतोद ह्रीबर्निक गाडीचं दार लावल्यावर एकदा ओढून बघे, चार पावलं जाई आणि परत येऊन पुन्हा ओढून बघे. त्याची बायको झ्देन्का म्हणे, "दार बिचारं कंटाळलं असेल तुला."

एकतीस वर्षं तो दूरसंचार नियामकाच्या मोजणी विभागात होता. छपरावर अँटेना लावलेली पांढरी गाडी घेऊन स्लोव्हेनियाच्या दऱ्याखोऱ्यांतून हिंडायचं, कंपन्या नकाशावर जिथे रेंज दाखवतात तिथे ती खरंच आहे का ते मोजायचं आणि कागदावर सही करायची. पण सही झाली की त्याच्या मनाला घोर लागे. आठ वर्षांपूर्वी एका दरीचा कागद त्याने असाच पाठवला होता. आकडे अचूक होते. त्याच हिवाळ्यात तिथला एक लाकूडतोड्या पडत्या झाडाखाली सापडून दगावला. मरण्याआधी हातात फोन धरून तो रेंज शोधत बर्फातून शंभर पावलं सरपटत गेला होता. मोजणी रस्त्यावर झाली होती, माणूस रानात होता. मेतोदला कोणी बोल लावला नाही, आणि तेच त्याला जास्त लागलं.

ऑक्टोबरच्या मध्यावर तो ऑस्ट्रियाच्या सीमेलगतच्या एका डोंगरावर गेला. तिथे फेलिक्स आणि रोझालिया हे म्हातारं जोडपं सात गाई राखून राहत होतं. कंपनीने त्यांना कळवलं होतं, की एक नोव्हेंबरपासून तांब्याच्या तारेवरचा जुना फोन बंद होईल, कारण आता मोबाइल चालतो. घराच्या पत्त्यावर रेंज आहे असं मोजणीत ठरलं, तरच कंपनीला तार तोडता येत होती. रोझालियाने हरकत घेतली होती. फेलिक्सचं हृदय वर्षभरात दोनदा दगा देऊन गेलं होतं, आणि दोन्ही वेळा याच फोनने हेलिकॉप्टर आणलं होतं.

यंत्रावर पत्त्याचा बिंदू बघत मेतोद चढला तो थेट कड्यावरच्या जुन्या धान्यकोठारापाशी. घर क्रमांकाची पाटी तिथेच होती. घर मात्र बरंच खाली, खडकाआड.

"पाटी इथे आणि घर तिकडे, असं कसं?"

"जुनं घर इथेच होतं, साहेब. एकोणऐंशीत जळालं. मग वारा लागू नये म्हणून सासऱ्यांनी खाली बांधलं," रोझालिया म्हणाली.

"आणि पत्ता नाही बदलला?"

"कशाला? पोस्टमनला ठाऊक होतं की!"

मेतोदने कोठारापाशी तीनदा मोजलं. तिन्ही वेळा रेंज भरपूर. तो खाली स्वयंपाकघरात गेला. देशातल्या एकाही कंपनीची रेंज नाही. मग यंत्रावर एक बारीक रेघ उमटली, ती डोंगरापलीकडच्या ऑस्ट्रियातल्या टॉवरची. त्याने मोबाइलवरून आणीबाणीचा नंबर लावला. एक बाई जर्मनमध्ये बोलली. चाचणी असल्याचं सांगून, माफी मागून त्याने फोन ठेवला.

"म्हणजे मला मरायचं तर आधी जर्मन शिकावं लागणार," चुलीजवळच्या बाकावरून फेलिक्स म्हणाला.

"तू गप खा," रोझालियाने त्याच्यापुढे कुट्टूची उकड आणि आंबट दुधाचा वाडगा आदळला. "चाळीस वर्षांत पत्ता बदलायला उठला नाहीस, आता जीभ चालवतोस!"

मेतोदने त्यांच्याच लँडलाइनवरून ल्युब्लियानाच्या ऑफिसात आपल्या वरिष्ठ ब्रेदाबाईंना फोन केला.

"नोंदीतला बिंदू कोणता?" त्यांनी विचारलं.

"कोठार."

"तिथे रेंज?"

"भरपूर. पण कोठारात कोणी राहत नाही."

"मेतोद, बिंदू आपण हलवत नाही. एका घरासाठी हलवला, तर उद्या कंपनी शंभर घरांसाठी कोर्टात उभं करेल. त्यांना नोंद दुरुस्त करून घेऊ दे. तुम्ही सही करा."

"दुरुस्तीला दोन महिने लागतात. तार पंधरा दिवसांत जाईल."

"मला कळतं ते," ब्रेदाबाई म्हणाल्या, आणि त्यांना खरंच कळत होतं.

मेतोद कागदापुढे बसून राहिला. पेनाचं टोपण त्याने तीनदा काढलं, तीनदा लावलं. सही नसलेला कागद अपूर्ण धरला जाई, आणि अपूर्ण कागदावर तार तोडायची परवानगी निघत नसे. पण एकतीस वर्षांत त्याने एकही कागद अपूर्ण ठेवला नव्हता. निवृत्तीला दीड वर्ष उरलं होतं.

"साहेब, माझ्यापायी नोकरी घालवू नका," फेलिक्स हळूच म्हणाला.

मेतोदने शेऱ्याच्या रकान्यात स्वयंपाकघरातले आकडे लिहिले, जर्मन बोलणाऱ्या बाईंचं लिहिलं, आणि सहीची जागा कोरी ठेवली. मग घराच्या उंबऱ्यावर उभं राहून त्याने नवा बिंदू मोजला आणि रोझालियाला दुरुस्तीचा अर्ज लिहून दिला.

पुढचे दिवस त्याला गोड लागले नाहीत. आठवड्याने ऑफिसचं पत्र आलं, सही करा किंवा खुलासा द्या. त्याने अर्जाची पोच जोडून चार ओळींचा खुलासा दिला. ब्रेदाबाईंनी तो वाचला आणि ड्रॉवरमध्ये ठेवला. त्यांनी पुढे काय कळवलं, हे विचारायचा त्याला धीर झाला नाही.

एक नोव्हेंबर उजाडला. सर्व संतांचा दिवस; सगळा देश आपल्या मृतांच्या कबरींकडे निघाला होता. झ्देन्का शेवंतीच्या कुंड्या आणि मेणबत्त्या घेऊन गाडीत बसली होती आणि हॉर्न वाजवत होती. मेतोदने घरातल्या फोनवरून डोंगरावरचा नंबर फिरवला.

घंटा गेली. तीन, चार, सात. तार बंद झाली तर घंटा तरी जाते का? जात नाही. मग उचलत का नाहीत? कबरस्तानात गेले असतील. की फेलिक्सला काही झालं? अकरा. बारा.

"कोण ते?" रोझालिया धापा टाकत होती.

"मी मेतोद. फेलिक्स?"

"गोठ्यात. गाय लाथ मारते म्हणून मला शिव्या देतोय. काय झालं?"

"काही नाही. फोन चालू आहे का, बघत होतो."

"अहो साहेब, चालू आहे म्हणून तर बोलतेय! ठेवा आता, दूध उतू जाईल."

तिने फोन ठेवला. मेतोद रिसीव्हर कानाशी तसाच धरून उभा राहिला. बाहेर हॉर्न वाजतच होता.