आईची पत्र्याची पेटी

आईची प्रवासाची जुनी पेटी आज रंगवायला काढली. गंज पुसायला झाकण उघडलं आणि डांबरगोळ्यांच्या वासाबरोबर मी थेट खर्डी स्टेशनवर पोचले.

भातकापणी झालेली, ऊन कोवळं. आई पेटीवर बसलेली. मामाकडे चाललो म्हणून मी खुशीत. आईने सगळ्याच साड्या का भरल्या, ते तेव्हा कळलं नव्हतं.

तेवढ्यात बाबा आले आणि आईशेजारी पेटीवरच बसले. पत्रा करकरला.

"पेटी मोडंल," आई म्हणाली.

"मोडू दे. पन तू जाव नको गो."

गाडी आली, गेली. दोघंही उठली नाहीत. गाडी चुकली म्हणून मी मात्र भोकाड पसरलं.

आता झाकण सरळ करायला हातोडी घेतली, तर त्यात पोचे दोन, अगदी शेजारी शेजारी. मी त्यांच्यावरून नुसता रंगाचा हात फिरवला.